बेंच तीनचा लॅपटॉप

शनिवार, ४ जानेवारी २०२५

शिबिरातल्या बाई म्हणाल्या, रोज एक पान लिहा, माणूस स्वतःला सापडतो. एकावन्नाव्या वर्षी सापडून मी करणार काय, हे विचारायचं राहून गेलं. पण कंपनीने शिबिराला पाठवलं, वर ही वही दिली, तेव्हा लिहितो. पहिल्या पानावर ओळख लिहायची म्हणे. उद्धवराव, मूळचा परभणीकडचा, आता रावेतला. चाकणच्या कारखान्यात टेस्टिंगचा असिस्टंट मॅनेजर. आम्ही ट्रकच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह करतो. प्रत्येक व्हॉल्व्ह बेंचवर हवा भरून तपासायचा, लॅपटॉपवर आकडे येतात, गळती नसली तरच माल पुढे. माझ्या सहीशिवाय इथून काही बाहेर पडत नाही.

आजचा दिवस माझा होता. फाइव्ह एसचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा आणि जागेवर वस्तूचं नाव. कागदाची लेबलं तेलाने दोन महिन्यांत सुटतात, म्हणून मी चुंबकाच्या पट्ट्या करून घेतल्या. निळ्या, वर पांढरी अक्षरं. तीनशे दहा पट्ट्या. पाना, गेज, झाडू, कचऱ्याचा डबा, काही म्हणून सोडलं नाही. बेंच तीनच्या लोखंडी ट्रॉलीवर 'लॅपटॉप' ही पट्टी मी स्वतः लावली आणि तिच्यावर लॅपटॉप ठेवला. लॅपटॉप कुणी उचलून नेला की खाली नाव दिसेल, कळेल इथलं काय गेलं. प्लँट हेड रणजीत साहेब फिरून बघून म्हणाले, "उद्धवराव, हे आपल्या बाकीच्या प्लँटना दाखवायला पाहिजे." दिवसभर हवेत होतो, खोटं कशाला सांगू.

महिनाअखेर एक काम आहे. दीक्षाची ट्रेनी म्हणून दोन वर्षं ३१ तारखेला भरतात. कायम करायचं की सोडायचं, ते माझ्या शेऱ्यावर. एकदा सोडलं की कंपनी परत घेत नाही. दापोडीची पोरगी, वडील पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीत होते. आडनाव ऐकल्यावर मी पहिल्या दिवशीच पुढचं काही विचारलं नाही. आपण असलं काही मानत नाही. मुलगी कामाची आहे. बेंचचं नवं सॉफ्टवेअर फक्त लिनक्सवर चालतं म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले होते, हिने दोन दिवसांत लॅपटॉपवर लिनक्स घालून सगळं चालू करून दिलं. शेरा चांगलाच देणार आहे.

सोमवार, ६ जानेवारी

सगळ्यांसमोर शोभा झाली. २२ तारखेला मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे, त्यासाठी रणजीत साहेब बेंच बघायला आले. लॅपटॉपचं झाकण बंद होतं, मी ऐटीत उघडून बटण दाबलं. पडदा उजळला, पण माऊस हलेना. कीबोर्डची बटणं दाबली, काही नाही. मिनिटभराने पडदाही काळा.

"झोपलं की उठत न्हाई ओ साहेब हे," ऑपरेटर ज्ञानदेव म्हणाला. "चहाच्या सुट्टीनंतर बी असंच झालं."

शेवटी त्याने चार्जर काढला, बटण दाबून धरून लॅपटॉप मारला आणि परत सुरू केला. तपासून होत आलेल्या व्हॉल्व्हचे आकडे गेले. रणजीत साहेब शांतपणे म्हणाले, "ऑडिटला असं झालं तर?" मी सांगितलं, लिनक्स दीक्षाने घातलंय, तिला विचारतो. त्यात खोटं काय आहे?

बुधवार, ८ जानेवारी

दीक्षा दोन दिवस लॅपटॉप घेऊन बसली होती. आज हिशेब घ्यायला बोलावलं.

"सर, आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून बघितला. मग जुनं कर्नल लावलं. झोपेचा प्रकारही बदलला. तरी तेच." कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, असं तिने सांगितलं. मी मान हलवली. मग तिने पडद्यावर बारीक अक्षरांची यादी उघडली. "ह्या लॅपटॉपच्या स्वतःच्या नोंदी आहेत सर. हे बघा, झाकण बंद झाल्याची ओळ आहे. उघडल्याची ओळच नाही. आपण झाकण उघडतो, पण त्याला ते बंदच वाटतंय."

मी म्हटलं, "झाकण उघडं आहे हे मला चष्म्याशिवाय दिसतं. त्याला दिसत नसेल तर त्यालाच चष्मा लाव." आजूबाजूचे हसले. मी विनोद करतो तेव्हा डिपार्टमेंट हसतं, ही आमच्याकडची पद्धतच आहे.

"आणि सर, माझ्या टेबलावर एकदाही अडकला नाही. काल दिवसभर उघड-बंद केला. बेंचवर नेला की अडकतो."

हे मला खटकलं. मशीनला टेबल कळतं आणि बेंच कळतं? मशीनला माणूस कळतो का? जाताना तळवडे चौकात पाऊण तास अडकलो, तेव्हा हेच डोक्यात.

शुक्रवार, १० जानेवारी

आज पुन्हा तीनदा अडकला. चार व्हॉल्व्ह परत तपासावे लागले. ज्ञानदेव म्हणाला, "पोरीच्या हातात चालतंय साहेब, आमच्या हातात न्हाई." तो सहज बोलून गेला असेल. पण मला एकदम लख्ख दिसलं. ३१ तारीख जवळ आली आहे. लॅपटॉप हिच्याशिवाय कुणालाच चालवता आला नाही, तर हिला सोडणार कोण?

दोन वर्षं मी हिला मुलीसारखं वागवलं.

शनिवार, ११ जानेवारी

आज परीक्षाच घेतली. चहाच्या सुट्टीत सगळ्यांना बेंच तीनपाशी थांबवलं आणि दीक्षाला म्हटलं, "झाकण बंद कर, उघड. दहा वेळा." मुद्दाम चौदा-पंधरा माणसं समोर ठेवली, पुढे कुणी म्हणायला नको की उद्धवराव पाठीमागे बोलले.

पहिल्याच वेळी अडकला. तिने चार्जर काढला, बटण धरलं, परत सुरू केला. दुसऱ्यांदा अडकला. पोरं मोठ्याने आकडे मोजायला लागली. मी अडवलं नाही, वातावरण जरा हलकं राहतं. सहाव्या वेळी तिच्याकडून बटण नीट दाबलं जाईना. ती म्हणाली, "सर, आता कळलं की, पुरे करू का?" मी म्हटलं, "दहा म्हणजे दहा." दहाच्या दहा वेळा अडकला.

मग म्हटलं, "आता तुझ्या टेबलावर." सगळी वरात तिच्या टेबलापाशी. तिथे दहाच्या दहा वेळा मुकाट्याने उठला. टाळ्या पडल्या.

"सिद्ध झालं," मी म्हटलं.

"काय सिद्ध झालं सर?" तिने विचारलं. डोळ्यांत पाणी होतं, पण प्रश्न नीट विचारला. अशा वेळी पाणी काढणारी माणसं मला आवडत नाहीत. मी सगळ्यांना कामाला पिटाळलं.

जेवणानंतर रणजीत साहेबांना मेल लिहिला. इंग्रजीत आहे, अर्थ असा की, संबंधित ट्रेनी आपल्यावाचून काम अडावं म्हणून लॅपटॉपमध्ये फेरफार करत असल्याचा दाट संशय आहे, कायम करण्याची शिफारस मी मागे घेतो. 'दाट' शब्दावर जरा थांबलो होतो. मग म्हटलं, वीसपैकी वीस वेळा, याहून दाट काय असतं. पाठवला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. डिपार्टमेंटमध्ये तिळगूळ. आठ-नऊ वड्या पोटात गेल्या असतील. ज्ञानदेवच्या बायकोने केलेल्या वड्या फार खुसखुशीत होत्या. दीक्षानेही घरून लाडू आणले होते. माझ्यासमोर डबा धरून म्हणाली, "सर, तिळगूळ घ्या." शनिवारचं मनात न धरता आली, हे मला बरं वाटलं. पण मला शुगर आहे, डॉक्टरांनी ताकीद दिली आहे. तसं सांगितलं. ती डबा बंद करून गेली.

बुधवार, १५ जानेवारी

हे पान लिहू की नको, असं वाटत होतं. शिबिरातल्या बाई म्हणाल्या होत्या, वहीपासून लपवू नका.

जेवणाच्या सुट्टीत दीक्षा केबिनमध्ये आली. म्हणाली, "सर, कुणी नाही तोवर बेंचवर येता का, एक दाखवायचंय." गेलो. तिने लॅपटॉप उचलला आणि खालची 'लॅपटॉप' नावाची पट्टी अंगठ्याच्या नखाने उपटून खिशात टाकली. लॅपटॉप पुन्हा त्याच जागी ठेवला. झाकण बंद, उघडलं. चालू. परत बंद, उघडलं. चालू. पाच वेळा. मग पट्टी खाली सरकवली. बंद, उघडलं. अडकला.

"सर, झाकणात एक बारीक चुंबक असतो. आणि खाली, आपण मनगट टेकवतो तिथे, तो चुंबक ओळखणारा सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक जवळ येतो, लॅपटॉप झोपतो. उघडलं की लांब जातो, लॅपटॉप उठतो. आपली पट्टी नेमकी सेन्सरच्या खाली येते. झोपवण्याइतका तिच्यात जोर नाही. पण एकदा झोपला की तेवढा जोर त्याला धरून ठेवायला पुरतो. त्याला झाकण अजून बंदच वाटतं, म्हणून माऊस नाही, कीबोर्ड नाही. टेबल लाकडी आहे माझं, तिथे पट्टी नाही."

मी म्हटलं, सव्वीस वर्षांत असलं काही ऐकलं नाही. ती म्हणाली, "मीपण नव्हतं ऐकलं सर. आठ दिवस घातले त्यात." मग आवाज खाली आणून, "मी कुणाला बोलले नाही. पट्टी तुम्ही लावली होती, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला. पण रणजीत साहेबांना तुम्ही सांगाल ना सर? शनिवारचं सगळ्यांनी बघितलंय."

"सांगतो म्हणजे काय, सांगतोच," मी म्हटलं.

किती मोकळं हसली. मेलचं तिला ठाऊक नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

कारखान्याची गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. दुपारी जेवताना सगळी गंमत बायकोला, कस्तुराला सांगितली, चुंबक, पट्टी, वीस वेळा उघड-बंद. मला वाटलं हसेल. ती मटार सोलत होती.

"मग त्या पोरीला चुकलं म्हणालात का?" तिने विचारलं.

"ऑफिसातलं तुला कळत नाही," मी म्हटलं.

"नाही कळत. मला मटार कळतात," ती म्हणाली आणि परात घेऊन आत गेली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हिचं बोलणं अजून असंच.

शुक्रवार, १७ जानेवारी

सगळे कॅन्टीनला गेल्यावर एकट्याने करून बघितलं. पट्टी ठेवली, अडकला. काढली, चालला. तिचं म्हणणं बरोबर आहे. इथे लिहितो, बाकी कुठे लिहिणार नाही.

पण शांतपणे विचार केला तर प्रश्न इतका सोपा नाही. साहेबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्या पट्ट्या तुम्ही बाकीच्या प्लँटना दाखवणार होतात, त्यांनीच बेंच बंद पाडलं. की ज्या मुलीवर मी लेखी आरोप केला, तिनेच माझी चूक शोधून काढली. ऑडिटला पाच दिवस आहेत. अशा वेळी साहेबांच्या डोक्याला नवा ताप देणं हे जबाबदार माणसाचं काम नाही. आणि मुळात जुनाच लॅपटॉप ठेवला असता, लिनक्सच्या भानगडीत पडलो नसतो, तर हे झालंच नसतं, नाही का? म्हणजे थोडी चूक तिची निघतेच.

पट्टी काढून ट्रॉलीवर निळ्या रंगाने चौकोन रंगवून घेतला. साहेबांना सांगितलं, सेटिंगमध्ये एक गोष्ट होती, मी लक्ष घालून काढली.

"म्हणजे फेरफार होताच," साहेब म्हणाले.

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आहात म्हणून बेंच आहे उद्धवराव."

बुधवार, २२ जानेवारी

ऑडिट झकास. गिऱ्हाइकाच्या माणसाने स्वतः लॅपटॉपचं झाकण लावलं, उघडलं, चालू. बेंचसाठी वेगळी शाबासकी लिहून गेले. दीक्षा मागे भिंतीपाशी उभी होती. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं तेव्हा तिनेही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. समोर तिची फाइल. "दोन वर्षांत एक दिवस उशीर नाही हिला. मी जरा गोंधळात आहे. तुमचा मेल आहे, पण मला तोंडी सांगा. ठेवू का?"

एक 'ठेवा' म्हणालो असतो तरी चाललं असतं. मेलचं काहीतरी जुळवून घेता आलं असतं. पण साहेब हुशार, दुसरा प्रश्न आलाच असता, मग मेल का लिहिला होता? मी म्हटलं, "साहेब, मी लिहिताना विचार करूनच लिहितो."

त्यांनी फाइल मिटली.

सोमवार, २७ जानेवारी

विशेष काही नाही. मेल काढून परत वाचला. भाषा चांगली आहे. दीक्षा दुपारी विचारायला आली होती, नवीन ऑपरेटरांसाठी लॅपटॉपची माहिती मराठीत लिहून ठेवू का. म्हटलं, ठेव. बारा पानं लिहून आणली, चित्रं काढून. पट्टीबद्दल त्यात एक अक्षर नाही. मी मुद्दाम शोधलं.

रात्री झोप लागत नाही. शुगर असेल.

शुक्रवार, ३१ जानेवारी

पत्र मलाच द्यावं लागलं, कार्यालयातून तसा निरोप होता. मी साधारण तयारी केली होती, कंपनीचं धोरण, जागा कमी, तुझं वय आहे, वगैरे. तिने उभ्यानेच वाचलं. दोन ओळींचं पत्र वाचायला माणसाला किती वेळ लागतो? ती बराच वेळ वाचत होती.

मग म्हणाली, "सर, तुम्ही साहेबांना सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"पट्टीचं?"

"सगळं सांगितलं. वरून निर्णय झाला, माझ्या हातात काही नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे केले. तिने ओळखपत्र काढून ठेवलं, लॉकरची किल्ली ठेवली, ट्रेनीचा निळा कोट घडी घालून ठेवला. धुऊन आणला होता. म्हणजे आज तरी पांढरा कोट मिळेल असं तिला वाटलं असणार, कायम झालेल्यांना पांढरा असतो. ज्ञानदेव गेटपर्यंत सोडायला गेला. कामाच्या वेळेत कुणी गेटपर्यंत जायचं नसतं, पण मी काही बोललो नाही. मीही माणूस आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी अकराच्या सुमाराला केबिनमध्ये होतो, मोबाइलवर अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस आधी काहीतरी म्हणता म्हणता थांबला, मग म्हणाला, "नमस्कार साहेब. मी दीक्षाचा बाप बोलतोय, बुद्धरत्न. तिच्या फोनमधनं तुमचा नंबर घेतला. तिला माहीत नाही."

मी म्हटलं, बोला.

"तक्रार करायला फोन नाही केला साहेब, तसं समजू नका. तुम्ही दोन वर्षं सांभाळून घेतलंत तिला, घरी नेहमी तुमचं नाव असायचं. सरांनी हे शिकवलं, सर असं म्हणाले. फक्त एवढं विचारायचं होतं की तिचं चुकलं काय? ती म्हणते, माझी काही चूक नव्हती. साहेब, तेहतीस वर्षं लेथवर उभा होतो मी. आमची कंपनीच बंद पडली ती गोष्ट वेगळी. पण चालत्या कंपनीतनं चूक नसताना कुणाला काढत नाहीत, एवढं मला कळतं. काय चुकलं ते सांगा, म्हणजे पुढच्या ठिकाणी नको व्हायला."

बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा पों-पों आवाज येत होता, मी उठून दार लावून घेतलं. माणूस सरळ होता. त्याच्याशी सरळ बोलावंसं वाटत होतं. पण हा उद्या साहेबांना फोन करणार नाही कशावरून? म्हटलं, "मुलगी हुशार आहे हो. वाद नाही. पण जबाबदारी घ्यायला कमी पडते. आपलं चुकलं की दुसऱ्यावर ढकलायची सवय आहे. तेवढं सुधारलं तर पुढे जाईल."

तो म्हणाला, "हां. तेच. तुमचंच नाव घेत होती साहेब. सरांनी केलं आणि माझ्यावर घातलं म्हणे. मी म्हटलं, एवढा मोठा माणूस तुझ्यासाठी कशाला खोटं बोलेल? तर उलट बोलायला लागली. तेव्हा हात उचलला मी. पंचवीस वर्षांची पोर, कधी बोट लावलं नव्हतं. दोन दिवस झाले, जेवत नाही, बोलत नाही. तिची आई मला बोलतीये, म्हणून जीव खालीवर होत होता. आता तुमच्याकडनं ऐकलं, बरं झालं. बरोबर केलं ना साहेब मी?"

"बरोबर केलंत," मी म्हटलं.